रक्ताला लावलेला कौल

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं वेगळी आणि संध्याकाळी रिपोर्ट वाचून घ्यायला येणारी वेगळी. संध्याकाळच्यांच्या हातात मोबाइल असतो, त्यावर मुंबईच्या एखाद्या मोठ्या लॅबची पीडीएफ आणि नजर ठळक छापलेल्या एकाच ओळीवर. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची, कुडाळला नाहीतर थेट गोव्याच्या मोठ्या रुग्णालयात, बांबोळीला. मधली रात्र काढायची असते. मग मालवणच्या बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबची पायरी चढून म्हणतात, "बाय, ह्या काय आसा तां बघ गो जरा." मी डॉक्टर नाही. रक्त काढते, जमतील त्या तपासण्या इथे करते, बाकीच्यांचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं करून पुढे पाठवते. रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी थोडंफार सांगतेच.

साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल हे आता लोकांना पाठ झालंय. अलीकडे त्या ठळक ओळीत 'एएनए पॉझिटिव्ह' दिसायला लागलं आहे. अँटी न्यूक्लिअर अँटीबॉडी. शरीराच्या प्रतिकारशक्तीने परक्या जंतूंऐवजी आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या वस्तूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, शोग्रेन, मायोसायटिस अशा ज्या आजारांना एकत्रितपणे ऑटोइम्यून कनेक्टिव्ह टिश्यूचे आजार (प्रतिकारशक्ती शरीराच्या आपल्याच जोडऊतींवर उलटते असे) म्हणतात, त्यांत ही बहुधा सापडतात. ल्युपसमध्ये तर जवळजवळ प्रत्येकाला. त्यामुळे गुगल केलं की पहिल्या पानावरच ल्युपस येतो आणि माणूस माझ्या पायरीवर.

दक्षिण कोकणात वाढलेल्या माणसाला कौल म्हणजे काय ते सांगायला नको. देवीला फुलाच्या पाकळ्या नाहीतर तांदळाचे दाणे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एएनएचा रिपोर्ट लोक असाच वाचतात. पण कौल लावण्याआधी गुरव एक गोष्ट करतो, ती ते विसरतात. तो विचारतो, काय इचारूचा आसा तां नीट सांग. लग्नाचं विचारायचंय की जमिनीचं, मुलाचं की बोटीचं? प्रश्न नसताना कौल लावत नाहीत. रक्ताला मात्र हल्ली प्रश्नाशिवायच लावतात.

कॉलेजात जाणारी एक मुलगी अशीच आली होती, आईबरोबर. केस गळतात म्हणून कुणा नातेवाइकाने एक मोठं पॅकेज घ्यायला सांगितलं. चाळीसेक तपासण्या, सवलतीत. त्यात एएनए होती. १:८०, पॉझिटिव्ह. सांधे दुखत नाहीत, ताप नाही, अंगावर चट्टे नाहीत, तोंडात फोड नाहीत, लघवी स्वच्छ. आईला एकच चिंता, आता लग्नाचं कसं.

१:८० म्हणजे काय, ते तिला मी सांगितलं. सीरम पातळ करत जायचं, चाळीसपट, ऐंशीपट, एकशेसाठपट, आणि कुठल्या टप्प्यापर्यंत त्यातली प्रतिपिंडं पेशींना चिकटून चमकताना दिसतात ते पाहायचं. जितकं जास्त पातळ करूनही चमक दिसते, तितकी प्रतिपिंडं जास्त. १९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा लॅबनी मिळून निरोगी माणसांचं रक्त असंच तपासलं होतं. १:४० ला ३१.७ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लासुद्धा ३.३ टक्के. हे सगळे धडधाकट लोक. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसचे वर्गीकरणाचे जे निकष ठरवले, त्यांत १:८० हा फक्त दरवाजा आहे. आत गेल्यावर लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून १० गुण व्हावे लागतात आणि त्यांत एक तरी प्रत्यक्ष लक्षण हवंच. मुलगी दरवाजात उभी होती एवढंच. तिच्या डॉक्टरांनीही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन नऊ होतं, ते त्याच पीडीएफमध्ये दोन पानं आधी होतं. ते कुणी पाहिलं नव्हतं.

अशा पॅकेजमध्ये एएनए घालणं मला सरळ चुकीचं वाटतं. पैसे जातात ते जातात, पण एक निरोगी मुलगी उगाच आजारी माणसासारखी जगते, त्याचं बिल कुणी काढत नाही.

तरीही "निरोगी माणसाचा रिपोर्ट, सोडून द्या" असंही मला म्हणता येत नाही. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांचं सीरम वर्षानुवर्षं साठवून ठेवलेलं असतं. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांच्या जुन्या नळ्या काढून तपासल्या, तर ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच कुठलं ना कुठलं प्रतिपिंड होतं. सरासरी तीन वर्षं आधी, एकाच्या तर नऊ वर्षांहून आधी. एएनए आणि रो, ला नावाची प्रतिपिंडं आधी यायची, डबल स्ट्रँडेड डीएनएविरुद्धची नंतर आणि एसएम, आरएनपी नावाची आजार अगदी दाराशी आल्यावर. म्हणजे माणूस परेड करतोय, जेवतोय, हसतोय आणि रक्तात एकेक रांग लागत चाललीय. हा अभ्यास वाचल्यापासून सीरमची नळी फ्रीजमध्ये ठेवताना मला कधीकधी उगाच वाटतं, हिच्यात काय काय आधीच लिहिलेलं असेल. पण त्या नळ्या उलट दिशेने वाचता येत नाहीत. आजारी पडलेल्यांच्या रक्तात आधी प्रतिपिंडं होती. प्रतिपिंडं असलेले सगळे आजारी पडत नाहीत. त्या मुलीला दहा वर्षं वाट बघ म्हणून सांगण्यात काय अर्थ होता?

आणि 'रो'चं प्रकरण आणखी निराळं. आईला काहीही त्रास नसतो, फार तर डोळे कोरडे वाटतात. पण तिच्या रक्तातलं हे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातं आणि शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत बाळाच्या हृदयातली विजेची वाट कायमची बंद करतं. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाचे ठोके अचानक मंद लागतात. बाळ शोधायला गेलेले डॉक्टर आईच्या रक्तापर्यंत येतात, तेव्हा आईला पहिल्यांदा कळतं. इथे प्रश्न विचारणारं बाळ असतं.

ही तपासणी कशावर करतात ते मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्या दिवशी काम सुचलं नाही. काचेच्या पट्टीवर माणसाच्या पेशींचा थर असतो, एचईपी-२ नावाच्या. त्यांची केंद्रकं मोठी, शिवाय काही पेशी नेमक्या विभागताना सापडतात, म्हणून चमक कुठे आहे ते नीट दिसतं: सगळं केंद्रक एकसारखं उजळलंय, दाणेदार दिसतंय, की सेंट्रोमिअरचे, म्हणजे गुणसूत्रांच्या सांध्यांचे, मोजता येतील असे ठिपके आहेत. या पेशी १९५०च्या दशकात कुणाच्या तरी स्वरयंत्राच्या कॅन्सरमधून वाढवल्या असं समजलं जायचं. पुढे तपासल्यावर निघालं की त्या मुळात हेला पेशीच आहेत. प्रयोगशाळेत सरमिसळ होऊन त्यांनीच ताबा घेतला होता. हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली वारलेली कृष्णवर्णीय बाई. तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता ठेवून घेतला गेला. देवगडच्या आंबेवाल्याचं सीरम असो की वेंगुर्ल्याच्या शिक्षिकेचं, ते जाऊन शेवटी त्या बाईच्या पेशींवर पसरतं. आमच्या रिपोर्टवर पद्धत, यंत्र, सही, सगळं छापलेलं असतं. तिचं नाव कुठेच नसतं.

रुग्णांची नावं या शास्त्रात तशी कमी नाहीत, फक्त ओळखू येत नाहीत. एसएम, रो, ला, जो-१ ही सगळी ज्यांच्या रक्तात ती प्रतिपिंडं पहिल्यांदा सापडली त्या माणसांच्या नावांची अक्षरं आहेत. एसएम १९६६ मध्ये टॅन आणि कुंकेल यांनी सांगितलं. त्याआधी काय होतं? आम्हाला डिप्लोमाला शिकवणारे सर एलई सेलबद्दल, म्हणजे ल्युपसच्या रक्तात सापडणाऱ्या पेशीबद्दल, बोलायचे. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांनी ती पेशी पाहिली: एक पांढरी पेशी, जिने दुसऱ्या पेशीचं अख्खं केंद्रक गिळलंय आणि ते पोटात गुळगुळीत गोळ्यासारखं दिसतंय. सरांनी तरुणपणी रक्त गोठू देऊन, कुस्करून, गाळून, तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या पेशी शोधल्या होत्या. सापडली की सगळ्या लॅबला बोलावून दाखवायचे म्हणे. आता ती तपासणी कुणी करत नाही आणि करूही नये. पण सर सांगायचे तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक वेगळाच तोरा यायचा.

मासळी विकणाऱ्या एक काकी आमच्या लॅबमध्ये नेहमी साखरेसाठी यायच्या. रक्त काढण्यासाठी बोट धरलं की हात गार. एकदा मीच विचारलं, नेहमी असेच असतात का? त्या म्हणाल्या, "बर्फात हात घातलंय काय बोटां मेल्यासारी पांढरी पडतत. मगे निळी. मगे लाल होवन ठणकतत." आणि लगेच स्वतःच निदानही देऊन टाकलं, "बर्फाचोच दोष. बंदीत बरा आसता."

बंदी म्हणजे जून-जुलैची मासेमारीबंदी. बोटी वर काढलेल्या, लिलाव नाही, बर्फाचा चुरा नाही. दोन महिने बोटं शांत राहतात आणि ऑगस्टमध्ये पहिला बांगडा आला की पुन्हा पांढरी. इतका स्वच्छ पुरावा कुणालाही पटेल. मला मात्र त्यांचं बोलणं ऐकताना रेनो आठवत होता. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये हेच लिहिलं: थंडीने किंवा मनावरच्या ताणाने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोट पांढरं होतं, निळं होतं, रक्त परत आलं की लाल. थंड देशांत हे लोक थंडीत बघतात. मालवणला थंडी नाही, म्हणून इकडे रेनो नसतो असं एका शिकाऊ डॉक्टरला म्हणताना मी ऐकलंय. त्याला एकदा पहाटे बंदरावर न्यायला हवं होतं. इथल्या बायकांचा हिवाळा थर्माकोलच्या पेटीत असतो.

बऱ्याच जणींना नुसता रेनो असतो, तरुणपणापासून, आणि त्यामागे काही नसतं. काकींना तो पन्नाशीच्या आसपास सुरू झाला होता. शिवाय बोटं फुगलेली, बांगड्या बदलून मोठ्या घेतलेल्या, सकाळी मूठ वळत नाही, डोक्यावर पाटी चढवताना खांदे भरून येतात. हे सगळं त्यांनी वाताच्या नावावर टाकलं होतं आणि कुणीतरी दिलेल्या तेलाने चोळत होत्या. मी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिल्या: सीबीसी, सीके, एएनए आणि लघवी. इथे प्रश्न होता, नीट मांडलेला.

एएनए आली १:१२८०, जाड दाणेदार. पुढच्या तपासणीत यू१-आरएनपी भरपूर, बाकीची रांग रिकामी. सीके हे स्नायूंतून झिरपणारं एन्झाइम, तेही चढलेलं. मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज. थोडा ल्युपस, थोडा स्क्लेरोडर्मा, थोडी स्नायूंची सूज आणि रक्तात हे एकच प्रतिपिंड ठसठशीत. गॉर्डन शार्प यांनी १९७२ मध्ये याचं वेगळं वर्णन केलं. हा वेगळा आजार की दुसऱ्या आजारांकडे जाणारा रस्ता, यावर तज्ज्ञांची अजून चर्चा चालते. काकींना त्या चर्चेशी कर्तव्य नाही. त्यांच्यासाठी नावाचा उपयोग इतकाच की पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते ठरलं: फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो का यासाठी ठरावीक काळाने इको, आणि फुप्फुसांची क्षमता. त्याऐवजी सेंट्रोमिअरविरुद्धचं किंवा स्क्ल-७० नावाचं प्रतिपिंड आलं असतं, तर लक्ष ठेवण्याच्या जागा थोड्या बदलल्या असत्या. या प्रतिपिंडांचं मोल मला इथेच वाटतं. पुढे कुठला अवयव राखायचा, ते ती आधी सांगून ठेवतात.

पावसाळ्यात मात्र सगळंच गढूळ होतं. ताप, अंगदुखी, उतरलेल्या प्लेटलेट, कमी झालेल्या पांढऱ्या पेशी. जुलैमध्ये सिंधुदुर्गात असा रिपोर्ट आला की डोक्यात पहिल्यांदा डेंगी येतो, मग लेप्टो. दोडामार्गाकडचा माणूस असेल तर माकडतापही, पण तो जास्त उन्हाळ्यात. आणि ते बरोबरच आहे, इथे तेच जास्त. पण ल्युपसही नेमका याच वेषात येतो. आंब्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या एका तरुण बाईचं असंच झालं. डेंगी नाही, लेप्टो नाही, ताप येतो-जातो. शरीरातली सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर शंभराच्या वर आणि सीआरपी जवळजवळ सामान्य.

या जोडीकडे मी नेहमी दोनदा बघते. ईएसआर ही आमच्या लॅबमधली सगळ्यांत म्हातारी तपासणी. वेस्टरग्रेनची उभी नळी, रक्त भरायचं, तास लावायचा, लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. विजेचीही गरज नाही, आणि वादळात आमच्याकडे ती नसतेच. पण रक्त कमी असलं, वय वाढलं, दिवस गेले, तरी ईएसआर वाढतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. सीआरपी जंतुसंसर्गात सरसर चढतो. ल्युपस पेटलेला असतानाही तो बऱ्याचदा फारसा हलत नाही. त्यामुळे ल्युपसच्या रुग्णाला ताप आला आणि सीआरपी खूप वाढलेला दिसला, तर डॉक्टर आधी जंतू शोधतात. हा पक्का नियम नाही. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली की ल्युपसमध्येही तो चढतो.

त्या बाईच्या बाबतीत निकाल मात्र ईएसआरने दिला नाही आणि सीआरपीनेही नाही. तिच्या डॉक्टरांनी ताप उतरल्यावर लघवी पुन्हा तपासायला सांगितली होती. पट्टी बुडवली आणि प्रोटीनचा चौकोन गर्द हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी. तापात थोडं प्रोटीन जातं, पण ताप नसताना एवढं नाही. मग डबल स्ट्रँडेड डीएनए आणि सी३, सी४ यांसाठी रक्त गेलं. सी३, सी४ म्हणजे कॉम्प्लिमेंट. रक्तातली ही प्रथिनं प्रतिपिंडांच्या लढाईत वापरली जातात, म्हणून आजार पेटला की कमी होतात. उन्हाला ती नाजूक. सीरम लगेच वेगळं करायचं, बर्फाच्या पाकिटात ठेवायचं आणि संध्याकाळच्या कुरिअरला गाडी उशिरा असेल तर डबा आमच्या फ्रीजमध्ये परत आणायचा. नाहीतर कॉम्प्लिमेंट उन्हाने खाल्लं की आजाराने, हे कुणालाच सांगता येणार नाही. (क्रायोग्लोब्युलिन नावाची तपासणी याच्या बरोबर उलट, ते रक्त अंगाइतकं ऊबदार ठेवावं लागतं, ती मी इथून पाठवायला सरळ नकार देते.) डीएनए प्रतिपिंडं चढलेली, सी३, सी४ दोन्ही उतरलेली. पुढे बायोप्सीत मूत्रपिंडाला ल्युपसची सूज निघाली. वेळेत निघाली, उपचार चालू आहेत, क्रिएटिनिन ठीक आहे.

आता आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर सहसा तेच तेच लिहितात: सीबीसी, क्रिएटिनिन, डीएनए, सी३, सी४ आणि लघवी. एएनए नसते. ती एकदा ठामपणे पॉझिटिव्ह आली की तिचं काम संपलं. आजार वाढला म्हणून ती वाढत नाही, बरा झाला म्हणून उतरत नाही. एसएम, आरएनपीचंही तसंच. तरी लोक दर तीन महिन्यांनी एएनए करायला येतात, कारण पहिल्या रिपोर्टवर तीच ठळक होती आणि ती 'निगेटिव्ह' झालेली त्यांना बघायची असते. मी समजावते, काही परत जातात, काही शेजारच्या कलेक्शन सेंटरला जाऊन करून येतात.

काकी आता बर्फ हाताळताना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालतात. गोळ्या चालू आहेत, त्यातल्या एका गोळीसाठी वर्षाकाठी डोळे तपासून घ्यावे लागतात, त्यावर त्यांची कायम कुरकुर. परवा आल्या त्या एएनए करायला. शेजारणीने सांगितलं होतं म्हणे. मी म्हटलं, काकी, ती नको, डॉक्टरांनी लघवी सांगितलीय, तीस रुपये. त्या माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. "तीस रुपयांत माज्या रोगाचा कायएक कळाचा नाय." मग डबी घेऊन आत गेल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या की रिपोर्ट मात्र मुंबईवाल्यांसारखा रंगीत कागदावर काढून दे.